पाचवी कड

“कड बोटभरच दुमड, टाके सरळ घाल आणि एकही कड उघडी सोडू नकोस. माझ्या लेकीच्या लग्नाचं जेवण याच कापडावर व्हायला हवं.” देवाघरी जाण्याआधी ताईने धाकट्या बहिणीकडून असं वचन घेतलं होतं.

आज दुपारी ते जेवण होतं. धाकटीने चौथी कड संपवली, दोरा कापला आणि हुश्श केलं. टेबलक्लॉथची घडी घालायला गेली, तर मांडीवर आणखी एक कड उघडीच.

“मावशी, झालं का? की माझी मुलं मोठी झाल्यावर देणारेस?” भाची दारातून हसली.

“एक कड राहिली गं.”

भाचीने कापड टेबलावर पसरलं. कोपरे चार, कडा चार, सगळ्या शिवलेल्या. “डोळे तपासून घे बाई!”

मावशीने कापड पुन्हा मांडीवर ओढलं आणि काठाकाठाने बोट फिरवलं. कोपरे पाच भरले. पाचवी कड आता कुणीतरी बोटभर दुमडून ठेवली होती. वर कच्चे टाके होते, ताईसारखे डावखुरे. दाताने तोडलेलं दोऱ्याचं टोक अजून ओलं होतं.

“चल, गाडी आली!”

“तू हो पुढे, बाळा,” मावशी म्हणाली, आणि देवाचं नाव घेऊन तिने सुईत दोरा ओवला.