न हलणारी वाळू

समुद्राने खाल्लेल्या किनाऱ्यावर नवी वाळू टाकून महिना झाला. ती टिकतेय का, हे बघायला ड्रोनवाला दर सोमवारी सकाळी वरून फोटो काढायचा. लाटा बाकीची वाळू खुशाल ओढून नेत होत्या, पण एक उंचवटा काही केल्या जागचा हलेना. उलट महिन्याभरात तो चार सेंटीमीटरने वाढला! साहेबांच्या जिवात जीव आला.

"अहो, हीच वाळू सगळीकडे टाकू! जा, नमुना घेऊन या."

ड्रोनवाला डबी-चमचा घेऊन उंचवट्यापाशी वाकला.



उंचवट्याने अंगावरचा मातकट टॉवेल बाजूला केला. "जावईबापू, घरी बोलू नका हं! तुमच्या सासूबाईंना वाटतं, पोट कमी करायला मी रोज सकाळी इथे तासभर पळतो."