हातमोज्यातल्या चिंध्या

विमा कंपनीच्या मॅडम तपासणीसाठी कारखान्याच्या स्टोअरच्या खिडकीशी आल्या, तसा सर्जेरावनं हातमोजा मनगटापर्यंत ओढला आणि बोल्टची जड पेटी उचलून फळीवर ठेवली. प्रेस मशीनखाली उजव्या हाताची तीन बोटं गेल्यापासून तो हातमोज्याच्या रिकाम्या बोटांत चिंध्या कोंबत आला होता. अधू माणूस दिसला की मॅडम मालकांना बोलणार, आणि मालक आपल्याला घरी बसवणार, अशी त्याला धास्ती होती.

"हाताला काही त्रास?" मॅडमनी विचारलं.

"छे. एकदम ठणठणीत."

मॅडम शेजारी उभ्या असलेल्या कारखान्याच्या मालकांकडे, मगदूमांकडे वळल्या. "मग सवलत कशाची मागताय? जखमी कामगाराला कामावर ठेवलं असेल, तरच विम्याचा हप्ता कमी होतो."

मालक लगबगीनं पुढे झाले. "सर्जेराव, काढ बाबा तो मोजा."

तो हलेना. शेवटी मालकांनीच मोजा ओढला, तशा चिंध्या खाली पडल्या. मॅडमनी हात नीट पाहिला, मान डोलावली आणि त्या ऑफिसकडे गेल्या.

"जमलं बघ," मालक त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "आता तुला इथून कुणी हलवत नाही."

सर्जेराव आपल्या उघड्या हाताकडे बघत राहिला. नोकरी टिकावी म्हणून जो हात लपवला, त्याच हातावर ती टिकली होती. त्याला काही उमगेना.

"मालक," त्यानं चाचरत विचारलं, "हात खरंच ठणठणीत झाला, तर ठेवाल ना मला?"

मालक हसायला लागले, मधेच थांबले, आणि खाली वाकून चिंध्या गोळा करू लागले.