ओलं सारवण

भुकूमच्या टेकडीखाली मोठी सोसायटी उभी राहायची होती. त्याआधी जमिनीत जुनं काही आहे का, हे बघायला आम्ही एक चाचणीखड्डा घेतला होता.

"काही सापडलं नाही असं लिहून टाका, दीपाली मॅडम," बिल्डरचा माणूस सकाळपासून वरून सांगत होता. त्याच्यामागे पोकलेन तयारच उभा होता.

कंबरभर खोलीवर काळी माती संपली आणि सारवलेली जमीन लागली. सारवताना उमटलेल्या बोटांच्या कमानी अगदी स्पष्ट होत्या. अशा जमिनी मी पुष्कळ पाहिल्यात, शेकडो वर्षं पुरलेल्या, राखेसारख्या कोरड्या.

मी हात टेकवला. बोटं हिरवी झाली.

खड्डाभर शेणाचा ताजा वास पसरला. माती उपसायला आलेल्या तानुबाई चपला काढून माझ्यामागे उभ्या राहिल्या.

सारवणारी बाई मागे मागे सरकत दाराकडे जाते. या कमानीही तशाच सरकत समोरच्या न खणलेल्या मातीखाली गेल्या होत्या. मी हातातल्या लहान, गवंड्याच्या करणीने ती माती हलकेच उतरवत गेले. जसजशी पुढे गेले, तसतशी जमीन अधिकच ओली लागली. शेवटची कमान अर्धीच होती.

मी पुन्हा करणी उचलली, तेव्हा तानुबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांबा ताई. ती हितंच हाय. तिचं उरकू द्या."

बिल्डरचा माणूस तावातावाने काठावर आला. त्याने खाली पाहिलं आणि कुणी न सांगता पायातले बूट काढले.

आमच्या डोळ्यांदेखत ती अर्धी कमान पुरी झाली.