चूल का गॅस

"चूल का गॅस, मावशी?" कोमलनं विचारलं.

"गॅस," सरुबाई म्हणाली, आणि अशी खोकली की पत्र्यावरचे कावळे उडाले ते थेट घाट उतरून कोकणात गेले.

कोमल दवाखान्यातर्फे घरोघर पाहणी करत टाकवे बुद्रुकात फिरत होती. चुलीच्या धुरानं खोकला होतो का, एवढंच डॉक्टरांना बघायचं होतं. होतो असं दिसलं, तर घरोघर बिनधुराची चूल मिळणार होती. पण सव्वीस घरं झाली, सव्वीसच्या सव्वीस गॅसवाली, आणि एखाददुसरं सोडलं तर खोकत सगळीच. कोमलचं डोकं गरगरायला लागलं. असं तर धूर निर्दोष सुटत होता, आणि गावाला चुली मिळत नव्हत्या.

तिनं आत डोकावलं. भिंत तव्याच्या बुडासारखी काळी. गॅसच्या शेगडीवर गोणपाट, गोणपाटावर कोंबडी, कोंबडीखाली अंडी.

"मावशी, हिच्यावर तर कोंबडी बसलीय."

"सैपाकाच्या टायमाला उठती ती."

"अंडी सोडून?"

"लय समजूतदार हाय."

कोमलनं कागद खाली ठेवला. "खरं सांगा. मी काय तुमचा सिलिंडर न्यायला आलेय?"

सरुबाईनं आवाज उतरवला. "चूल सांगितली की गॅस काढून नेत्यात. परवा देवळात ठरलंय, समद्यांनी गॅसच सांगायचा."

"कोण नेतंय? उलट चुलीनं खोकला होतोय असं दिसलं, तर बिनधुराची चूल फुकट मिळंल."

"आन् हे आत्ता सांगतीस व्हय?" सरुबाई उठली, दारात गेली आणि हाळी दिली.

घटकाभरात सगळी आळी ओट्यावर. "माझी चूल लिव." "माझ्या दोन लिव." कोमल खोडत होती, लिहीत होती. लोक सांगतील तेच लिहायचं, आपल्या मनाचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

शेवटी शेजारची सून प्रेरणा पुढं आली. काल कोमल तिच्या घरी चहा पिऊन आली होती, गॅसवरचा. त्या घरात चुलीची जागासुद्धा उरली नव्हती, आणि खोकला तर औषधालाही नव्हता.

"आमची बी चूल, ताई. खोकला तर विचारूच नका." प्रेरणानं तोंडाला पदर लावला आणि दोनदा खोकून दाखवलं.

कोमलचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं.

"असं न्हाई गं," सरुबाई म्हणाली. "छातीतनं काढ."