तिसरा पायॉन

शेवटचे परीक्षक डॉक्टर एवाल्दो यांनी प्रबंध मिटला आणि चष्मा खिशात टाकला. "आलेखाची रेषा ठिपक्यांवर इतकी अंगासरशी बसलीय, की शिंपीसुद्धा लाजेल," ते म्हणाले. "माझा काही प्रश्न नाही."

रेसीफे विद्यापीठाच्या त्या सभागृहात माणसं हसली. फळ्यापाशी उभी असलेली दाल्वानीरा हसली नाही.

दोन अणुकेंद्रं आदळली, त्यांतलं द्रव्य दाबलं जाऊन तापलं, की पायॉन नावाचे नवे कण किती जन्मतात, याचं गणित ती सहा वर्षं मांडत होती. गणिताची रेषा प्रयोगाच्या ठिपक्यांवरून नेमकी जात होती. आज सकाळी बसमध्ये तिच्या ध्यानात आलं, की आपण तिन्ही जातींचे पायॉन मोजलेत: धन, ऋण आणि भार नसलेले. प्रयोगाच्या फोटोत भार नसलेल्याचा माग उमटतच नाही. ठिपके दोनच जातींचे होते.

मार्गदर्शक आनाक्लेतो सरांना तिनं सभागृहाच्या दारातच गाठून हे सांगितलं होतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. आधी पदवी पदरात पडू दे म्हणाले, दुरुस्त्या मागाहून होतात. पदवी नाही तर शिकवायची जागाही नाही, हे निराळं सांगायची गरज नव्हती. परीक्षक मंडळाचे अध्यक्षही तेच. आता ते घाईनं कागद गोळा करत होते.

"थांबा, सर," ती म्हणाली. "तो आलेख चुकलाय."

चार वाक्यांत तिनं सगळं सांगितलं. मग फळ्यावरची रेषा पुसून एक तृतीयांश खाली काढली. ठिपके वरच राहिले. आनाक्लेतो सरांनी डोळे मिटून घेतले.

एवाल्दोंनी चष्मा पुन्हा चढवला. "मग हे वरचे पायॉन आले कुठून, पोरी?"

"माहीत नाही, सर."

रिवाजाप्रमाणे निकालासाठी परीक्षक सोडून सगळ्यांना बाहेर घालवलं. व्हरांड्यात तिच्या आईनं परीक्षकांसाठी मक्याचा केक नि चीज मांडून वर कापड टाकलं होतं. पहाटे उठून कारुआरू गावाहून आणलेलं.

"झालीस का गं डॉक्टर?" आईनं कापडाचं टोक धरलं. "काढू?"

"थांब जरा, आई."

बंद दाराआडून बोलण्याचा आवाज येत नव्हता. ऐकू येत होता तो फळ्यावर चालणारा खडू. थोड्या वेळानं त्याच्या शेजारी दुसराही खडू चालू लागला.