देवदाराची उरलेली फळी

जावयाने देवदाराचा तुकडा नाकाशी नेला, हुंगला आणि परत ठेवला. बाजारात खरबूज निवडावं तसं गेला अर्धा तास त्याचं चाललं होतं. मिस्त्री हातात रंधा धरून बघत होते. पंचेचाळीस वर्षं ते या शेडमध्ये सुतारकाम करत होते, पण असलं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. आणि हे तर घरचंच.

हा माणूस त्यांना कधीच आवडला नव्हता. ऑफिसात बसून हात लोण्यासारखे झालेले. करवत धरायचा तीही ती चावेल या भीतीने. आज तो आला होता मुलीच्या हॅमस्टरसाठी घर करायला लाकूड शोधत. हॅमस्टर म्हणजे मुठीत मावणारा गुबगुबीत उंदीर, निदान मिस्त्रींच्या लेखी तरी. गालात दाणे साठवतो म्हणून नात त्याला शेठजी म्हणायची. त्याचा पिंजरा मांडीवर घेऊन ती दाराबाहेर पायरीवर बसली होती आणि त्याच्याशी काहीबाही बोलत होती.

प्लायवूड नको, त्यात सरस असतो. जुन्या दाराची फळी नको, तिला रंग लागलाय. खोक्याचं पाइन नको, त्याला राळ सुटते. शेवटी जावयाने जळणाच्या ढिगातून सफरचंदाच्या झाडाची एक वाकडी फांदी ओढून काढली. ही चालेल, म्हणाला. साल तशीच ठेवायची, कुरतडायला बरी. फक्त आधी धुवायची, उकळायची आणि कडकडीत उन्हात वाळवायची.

"उकळायची?" मिस्त्री म्हणाले. "मीठ किती घालता?"

जावई कसनुसा हसला. त्याचं हे हसणंसुद्धा मिस्त्रींना सहन व्हायचं नाही. टोमणा मारावा आणि तो समोरच्याला लागूही नये, म्हणजे मारणाऱ्याचीच फजिती.

आठ वर्षांपूर्वी नात जन्मली तेव्हा त्यांनी देवदाराचा पाळणा केला होता. एकही खिळा नाही, सगळं लाकडात लाकूड अडकवलेलं. चारी खांबांवर पाखरं कोरलेली. आतून तेलाचा हात असा दिलेला की सगळी खोली घमघमायची. उभ्या आयुष्यात इतकं चांगलं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. दीड महिन्यात या गृहस्थाने तो पाळणा घराबाहेर काढला. का, तर म्हणे खोली लहान आहे. गाढवाला गुळाची चव काय! मिस्त्रींनी ही कथा भेटेल त्याला ऐकवली. नातेवाइकांत जावयाची अब्रू काढली. लेकीला फोनवर रडवलं. जावयाने एकदाही उलट उत्तर दिलं नाही आणि मिस्त्रींनी ते त्याच्या अपराधाचं सर्टिफिकेट समजून जपून ठेवलं. तेव्हापासून ते लेकीच्या घराची पायरी चढले नव्हते. नातीला इथे आणतील तेवढीच भेट.

पण सत्तरी उलटली की हट्टाचाही कंटाळा येतो. नातीचा अभ्यास कुठे चालतो, तिची खिडकी कुठल्या बाजूला आहे, हे त्यांना माहीत नव्हतं आणि आता ते फार सलायला लागलं होतं. म्हणून गेला आठवडाभर ते गुपचूप एक काम करत होते. ते घेऊन स्वतः लेकीकडे जायचं, स्वतःच्या हाताने नातीच्या खोलीत मांडायचं, चहा घ्यायचा. मग जावयाला काय बोलायचं ते बोलू दे.

त्यांनी टेबलावरचं फडकं उचललं.

खाली एक वीतभर घर होतं. त्याला जिना होता, गच्ची होती, अंगठ्याएवढं गोल दार होतं. कडा अशा घासलेल्या की बोट फिरवलं तर घसरावं. जावयाची वाकडी फांदी शेजारीच पडली होती. मिस्त्रींनी ती मुद्दाम उचलली नाही.

"पाळण्याच्या ओंडक्यातली शेवटची फळी आहे," ते म्हणाले. "आठ वर्षं जपली. याला कसर लागत नाही. याच्या पेटीत झुरळ जगत नाही."

जावयाने घर हातात घेतलं. वास नाकाशी जाताच त्याचा चेहरा उतरला. त्याने ते घाईने खाली ठेवलं. "बाबा, हे नको."

झालं. मिस्त्रींचा पारा चढला. पाळणाही नको होता, आता हेही नको. लाकडातलं ओ की ठो कळत नाही आणि मिस्त्रीला शिकवायला निघालाय. आपल्याला घरात घ्यायचं नसेल तर तसं तोंडाने सांगावं, उंदराच्या आडून कशाला? बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. त्याचाही राग त्यांनी जावयावरच काढला.

जावयाने सगळं ऐकून घेतलं. मग खाली मान घालून हळूहळू समजावू लागला. हा वास आपल्याला गोड लागतो, पण इवल्याशा छातीला सोसत नाही. त्यातून चोवीस तास त्यातच निजायचं म्हटलं तर फारच. आधी नुसत्या शिंका येतात. आपल्याला वाटतं, सर्दी असेल. मग रात्रभर धाप लागते. मग ओठ निळे पडतात.

मिस्त्री तुच्छतेने हसले. "वा, जावईबापू! उंदराचे ओठ निळे पडलेले बघितलेत तुम्ही?"

जावयाने दाराबाहेर पायरीवर बसलेल्या आपल्या लेकीकडे एकदा बघितलं. तिला ऐकू जाणार नाही एवढा आवाज खाली आणला.

"उंदराचे नाही, बाबा."