मागखात्याची बोली

नत्थूने दोन बोटं कात्रीसारखी उघडून मिटली.

"धागा तुटला," कुंदन म्हणाला.

नत्थूने छातीवर थाप मारून बोट वर केलं.

"जॉबरले बोलवा."

पोराच्या ओठांकडे बघत नत्थूने मान डोलावली. उद्यापासून कुंदन मिलमध्ये लागणार होता, बापाच्याच मागखात्यात. तिथे कापड विणणारे सगळे माग एकदम खडखडतात, शेजारच्याची हाकसुद्धा पोचत नाही. बोलायचं ते हातांनी. एवढं येत नसलं तर जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, चार दिवसांत घरी पाठवतो, म्हणून जेवणाआधी ही शाळा भरली होती. कुंदन खुणा ओळखता ओळखता भजनाची चाल गुणगुणत होता.

रामबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. मागांनी नवऱ्याचे कान नेले, तेव्हापासून त्याला सगळं ओरडून सांगावं लागे. तिच्याकडे भाजी कोणती शिजली, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक असायचं. लोक हसायचे, तीही हसायची. हळू बोलायला तिला एक कुंदनच होता.

भाकरी तव्यावर टाकून ती उठली. वातींच्या कापसाचे दोन बोळे वळले आणि पोराच्या हातावर ठेवले.

"कानात घालत जाजो."

"राहू दे ते," नत्थू म्हणाला. "माग बिघडला तं पयले आवाजावरूनच समजते. मी बी घातलता कापूस. जॉबरनं दुसऱ्याच दिवशी काढाले लावला."

कुंदनने बोळे आईला परत दिले. "जाऊ दे ना माय. काम भेटलं, हेच लय झालं."

या कामासाठी वर्षभर तिनेच देवाला साकडं घातलं होतं, आता कोणत्या तोंडाने नको म्हणणार? तिने भाकरी उलटवली, हात पुसले आणि येऊन पोराशेजारी बसली.

"मले बी शिकवा," ती नवऱ्याच्या कानाशी ओरडली.

नत्थू हसला. "तुले काऊन? तुले कुठं मिलमधी जायचं हाये?"

खाली बघत ती हळूच म्हणाली, "दोघांचे बी कान गेल्यावर मी कोणासंग बोलू?"

कुंदनचं गुणगुणणं थांबलं.

"काय म्हणून राह्यली थे?" नत्थूने विचारलं. कुंदन आईकडे बघू लागला.

मग रामबाईनेच पुन्हा आवाज चढवला. "पोटभर जेवले काय, हे कसं इचारतेत?"

मोहल्ल्यात सगळ्यांना ऐकू गेलं असणार. नत्थूने हात उचलला. थोडा वेळ तसाच धरला आणि परत मांडीवर ठेवला.

"असं मिलमधी कोणी इचारत नाई," तो म्हणाला.